उंच होत गेलेलं स्टूल

उशीताईच्या दुकानात आलेला माणूस उशीशिवाय बसला, असं कधी घडलं नाही. कुणी दारातून आत आलं की ती आधी त्याच्या कमरेकडे बघे, तोंडाकडे नंतर. कंबर धरून आलेल्याला पाठीशी जाड उशी, पाय ओढत आलेल्याला पायाखाली चपटी. नुसता पत्ता विचारायला थांबलेल्या पोस्टमनलासुद्धा तिनं एकदा लोडाला टेकवून बसवलं होतं, आणि तो बिचारा तिथेच डुलक्या काढायला लागला होता. त्यामुळे तिचं खरं नाव मागे पडलं आणि गल्लीनं दिलेलं हे नाव पुढे आलं. तिलाही ते आवडे.

घर आणि दुकान एकच. रस्त्याकडची मोठी खोली कामाची, मागच्या दोन राहायच्या. कामाच्या खोलीत जुन्या खुर्च्या पाय वर करून पडलेल्या असत. फोमचे तुकडे, काथ्याचे पुंजके, गोणपाटाच्या गुंडाळ्या, स्प्रिंगांची टोपली, आणि या सगळ्यावर लाकडाच्या भुशाचा पातळ थर. भुसा नवऱ्याचा. तो सुतारकाम करी. खुर्चीचे खिळखिळे झालेले सांधे तो पक्के करी आणि मग पट्टे, स्प्रिंगा, काथ्या, कापड हे सगळं उशीताई करी. लग्न नवं होतं तेव्हा एका आरामखुर्चीवरून दोघांची चांगलीच जुंपली होती. त्या दिवशी त्यानं वाटणीच करून टाकली. "लाकूड माझं, कापड तुझं. माझ्या लाकडात तू नाक खुपसायचं नाही, तुझ्या कापडाला मी हात लावायचा नाही." तेव्हापासून दोघं भांडली ती फक्त चहात साखर किती यावरून.

घरातलं तिसरं माणूस म्हणजे नणंद. नवऱ्याची थोरली बहीण. टेलिफोनच्या कचेरीत लोकांचे फोन जोडून देण्यात तिची उमर गेली होती. नोकरी संपल्यावर ती भावाकडे राहायला आली ती आपल्या खणखणीत आवाजासकट. भाऊ पन्नाशीला टेकला तरी तिच्या लेखी तो बाळ्याच होता आणि भावजय म्हणजे उशी. "अगं उशे!" अशी तिची हाक आली की समोरच्या शिंप्याच्या हातातली कात्री थांबे.

उशीताईचं काम जमिनीलगतचं. खुर्ची उलटी घालायची, शेजारी बसक्या पाटावर मांडी नाहीतर उकिडवं बसायचं, बारीक खिळे ओठांत धरायचे आणि एकेक काढून ठोकत जायचं. ओठांत खिळे असताना तिच्याशी बोलायचं नाही, हा गल्लीतल्या पोरासोरांनाही ठाऊक असलेला नियम. अशी ती वर्षानुवर्षं बसत आली. आणि मग एका वर्षी तिचा उजवा गुडघा पुरता मिटेना झाला.

दुखत म्हणाल तर अजिबात नव्हतं. गुडघ्याच्या मागे काहीतरी आड येतंय, दार लावताना फटीत चप्पल अडकावी तसं, एवढंच. "रुसलाय गुडघा," ती म्हणाली आणि पाटावर एक उशी घातली. बरं वाटलं. काही महिन्यांनी उशीवर उशी आली. मग नवऱ्यानं तिला बुटकं स्टूल करून दिलं, छान गोल कडांचं. वर्ष-दीड वर्षात ते स्टूल तिला फार खाली वाटायला लागलं, तेव्हा त्यानं त्याच्या पायांना जोड दिले. स्टूल वर गेलं म्हणून उलटी खुर्ची ठेवायला चौरंग केला. चौरंग झाला म्हणून खिळ्यांचा डबा ठेवायला भिंतीला फळी आली. मागच्या खोलीत पलंगाच्या पायांखाली ठोकळे गेले. ओट्यापाशी एक उंच बैठक आली.

दुसऱ्या एखाद्या घरात बाईचा गुडघा मिटेना झाला असता, तर कुणीतरी तिला दवाखान्यात नेलं असतं. पण हे घर पडलं लोकांना आराम देणाऱ्यांचं. इथे काही खुपलं की काय खुपतंय ते शोधायचं नाही, वर मऊसं काहीतरी घालायचं. त्यात दोघंही हाताचे इतके पक्के, की गुडघा जेवढा अडे तेवढं सामान मुकाट्यानं वर सरके. कुठे म्हणून अडचण जाणवायची सोयच नव्हती.

जाणवली ती नणंदेला, तीही चहाच्या कपामुळे. एका दुपारी वीज गेली. मागच्या खोलीत उकडायला लागलं म्हणून ती कप घेऊन कामाच्या खोलीत आली आणि भावजय गोणपाट कापायला उठली होती तेवढ्यात तिच्या स्टुलावर बसली. बसली आणि तिचे पाय लोंबकळले. नणंद काही बुटकी नव्हती.

"अगं उशे, हे स्टूल आहे की माळा?"

उशीताईच्या ओठांत खिळे होते. तिनं नुसती मान हलवली.

नणंदेनं पाय हलवून पाहिले, शाळकरी पोरीसारखे. मग चौरंग पाहिला, फळी पाहिली. आतल्या पलंगाकडे नजर टाकली. आयुष्यभर तारांच्या जाळ्यात कुठली वायर कुठे जाते ते पाहिलेली बाई ती.

"बाळ्या, मी आले तेव्हा हा पलंग एवढा उंच होता?"

"नव्हता. मी ठोकळे घातले."

"आणि ओट्याजवळची ती मचाण?"

"तीही मीच केली," तो जरा फुशारकीनं म्हणाला. "हिला बसायला बरं पडतं."

"मला वाटलं म्हातारपणी माझीच उंची कमी होत चाललीय. घर वर चाललंय होय!" तिनं कप खाली ठेवला. "उशे, ते खिळे काढ तोंडातले. आणि उकिडवी बस बघू."

"कशाला, वन्सं?"

"मी सांगते म्हणून."

उशीताईनं प्रयत्न केला. डावा पाय दुमडला. उजवा अर्ध्यावर आला आणि थांबला. ती कडेला कलंडली आणि हसायला लागली. नणंद हसली नाही. स्टुलावरून उडी मारून खाली उतरली, भावजयीची साडी गुडघ्याच्या वर सारली आणि गुडघ्याच्या मागे हात घातला.

"हे काय? दाराची मूठ?"

"ते होय? ते असतंच."

"असतंच म्हणजे? जन्माला येताना घेऊन आली होतीस? काखेत कळसा म्हणतात तो ऐकला होता, इथे गुडघ्यामागे निघाला!"

"पण दुखत नाही ना, वन्सं."

नवरा जवळ आला. त्यानंही हात लावला. मग सवयीनं, लाकूड आतून पोकळ आहे की भरीव ते बघतात तसं, बोटाच्या पेरानं हलकेच ठोकून पाहिलं. त्याचा चेहरा उतरला.

"हे कापड नाही," तो म्हणाला. "हे लाकूड आहे. हे माझ्या वाटणीतलं, आणि मला कळलं नाही."

दुसऱ्या दिवशी तिघंही गल्लीच्या तोंडाशी असलेल्या हाडांच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर शांत माणूस. त्यांनी गुडघा वाकवून पाहिला, एक्स-रे काढायला लावला आणि तो उजेडावर धरला. मांडीचं हाड गुडघ्यापाशी जिथे रुंद होतं, तिथे मागच्या अंगाला एक पांढरंशुभ्र ढेकूळ चिकटलेलं होतं. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं, गाठीगाठींचं. ढेकूळ आणि हाड यांच्यामध्ये काही ठिकाणी केसाएवढी काळी फट दिसत होती.

"कधी मार लागला होता?" डॉक्टरांनी विचारलं.

"मार तर रोजच लागतो. हातोडीचा, स्प्रिंगचा," उशीताई म्हणाली.

"जोराचा मार लागला की स्नायूत रक्त साकळतं आणि कधीकधी त्याचं हाड बनतं. पण ते कडेकडेनं पक्कं होतं आणि पोटात मऊ राहतं. इथे उलटं आहे. बुडाशी घट्ट, कडेला विरळ. दुसरं, काहींच्या हाडाला जन्मापासून खुंटी असते. ती निरुपद्रवी. पण ती हाडाचीच असते. आतला मगज सरळ तिच्यात जातो."

नवऱ्यानं मान पुढे काढली. "म्हणजे ती फांदी."

"फांदीच म्हणा."

"आणि हे?"

"हे वरून धरलेलं दिसतंय."

"बांडगूळ," नवरा हळूच म्हणाला.

डॉक्टरांनी एक्स-रे खाली ठेवला. "हे पटाशीनं उडवून टाकणं मला अर्ध्या तासाचं काम आहे. पण मी हात लावणार नाही. हाडाच्या पृष्ठभागावर उगवणारे काही कॅन्सर असे दिसतात. त्यांना नुसतं वरवर खरवडलं की ते पुन्हा येतात, आणि येताना चिडून येतात. हाडांच्या गाठींचं मोठं रुग्णालय आहे, तिथे जा. तोवर मालीश नाही, शेक नाही, कुणाला दाबू द्यायचं नाही."

कॅन्सर हा शब्द निघाल्यावर नणंदेनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं. उशीताईनं मात्र घरी येईपर्यंत एकच विचारलं, "पाय जातो का हो यात?"  नवरा म्हणाला, "आधी बघू तर."

मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाई ठेंगण्या, चटपटीत आणि स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. त्यांच्या फिरत्या खुर्चीची बैठक एका अंगाला खचलेली होती, आणि त्या बोलताना थोड्या डावीकडे कलत. उशीताईच्या डोळ्यांनी ते आत शिरताच टिपलं. पण पहिल्याच भेटीत कसं बोलायचं, म्हणून ती गप्प राहिली. सीटी झालं, एमआरआय झालं, छातीचीही तपासणी झाली. छाती स्वच्छ होती. सगळी चित्रं पडद्यावर लावून डॉक्टरीणबाईंनी तिघांना समोर बसवलं.

"हाडाच्या पोटातून उगवणारे कॅन्सर लोकांनी ऐकलेले असतात. हा त्यातला नाही. हाडाच्या सालीवर उगवणारे थोडे असतात, पण तेही एका माळेचे मणी नव्हेत. तीन तऱ्हा आहेत. पहिला गोगलगाईच्या चालीचा. वर्षानुवर्षं एकाच जागी वाढत राहतो, बहुतेक वेळा बरोबर इथेच, गुडघ्याच्या वर मागच्या बाजूला. त्याला ऑपरेशन पुरतं. दुसरा मधल्या चालीचा. तो सहसा हाडाच्या मधल्या दांड्यावर बसतो आणि त्यात कानाच्या वरच्या कडेसारखं लवचिक हाड जास्त असतं. त्यालाही मुख्य उपाय ऑपरेशनच. वर औषधं द्यावीत की नाही यावर आमच्यातच दोन मतं आहेत. आणि तिसरा दांडगट. बाहेरून पहिल्या दोघांसारखा दिसेल, पण झपाट्यानं वाढतो आणि लांब पळतो. त्याला आधी केमो, मग ऑपरेशन, मग पुन्हा केमो."

"दिसतं तसं नसतं म्हणूनच जग फसतं," नणंद पुटपुटली.

"अगदी तेच. म्हणून आम्ही नुसत्या दिसण्यावर जात नाही."

"माझा कुठला?" उशीताईनं विचारलं.

"जागा पाहिली, वय पाहिलं, इतक्या वर्षांची संथ वाढ पाहिली, तर पहिला. पण इथे बघा." त्यांनी पेन्सिलीचं टोक त्या ढेकळाच्या एका कोपऱ्यावर टेकवलं. बाकी सगळं घट्ट दिसत होतं आणि तेवढाच भाग, अंगठ्याच्या नखाएवढा, वेगळा. "हा भाग मऊ आहे. गोगलगाय कधीकधी अनेक वर्षं गोगलगाय राहते आणि मग तिच्याच एका कोपऱ्यात दांडगट जन्माला येतो. इथे तसं झालंय का, ते सुईनं तुकडा काढून पाहायला हवं. झालं असेल, तर आधी केमो, आणि मग हाड सांध्यासकट काढून धातूचा सांधा बसवावा लागेल. झालं नसेल, तर गुडघा तुमचा तुम्हाला ठेवायचा मी पुरा प्रयत्न करीन."

म्हणजे सगळं त्या नखाएवढ्या जागेवर येऊन ठेपलं.

सुई घालण्याआधी डॉक्टरीणबाई बराच वेळ पायावर शाईनं खुणा करत बसल्या. कुठून घालू, कुठून घालू असं चाललेलं. टेबलावर पालथ्या पडलेल्या उशीताईला राहवेना.

"बाई, एक भोक पाडायला एवढी मापं?"

"हो. कारण सुई जिथून गेली तो सगळा रस्ता पुढे गाठीबरोबर कापून काढावा लागतो. त्या रस्त्यावर पेशी सांडलेल्या असू शकतात. उद्या ज्या रेषेत कापणार, त्याच रेषेत आज टोचायला हवं."

"अच्छा, चामड्यासारखं," उशीताई म्हणाली. "कापडाला टाका चुकला तर उसवता येतो. चामड्याला एकदा भोक पडलं की ते मिटत नाही. दाभण हातात घेण्याआधीच सगळी शिवण मनात शिवून घ्यावी लागते."

"मग तुम्हाला मी काय सांगू? हलू नका म्हणजे झालं."

ती हलली नाही.

मग वाट पाहणं आलं. हाडाचा तुकडा लगेच तपासता येत नाही म्हणे. काचेवर ठेवण्याइतका पातळ काप निघायला तो आधी आम्लात ठेवून मऊ करावा लागतो, आणि घाई केली तर आतलं काहीच धड दिसत नाही. नणंदेनं फोनवर प्रयोगशाळेला गाठून, आपल्या कचेरीतल्या जुन्या आवाजात, "किती वेळ लागेल?" म्हणून विचारलंच. पलीकडची मुलगी म्हणाली, "बाई, हाड आहे ते, बिस्कीट नाही." नणंदेला ते उत्तर इतकं आवडलं, की तिनं ते गल्लीभर सांगितलं.

घरात दिवस नेहमीसारखेच चालले होते. एक मोठी, उंच पाठीची खुर्ची कामाला आली होती. उशीताईनं तिच्यावरचं कापड काढलं, त्याखालचं काढलं, त्याखालचंही काढलं. एरवी ती जुना काथ्या ठीक असेल तर त्यावरच नवा थर देई. या खेपेला लाकूड दिसेपर्यंत सोलत गेली. नवरा बघत होता.

"एवढं कशाला? वरचंच बदलायला सांगितलंय ना?"

"आत काय आहे ते बघितल्याशिवाय मी आता कशावरही कापड चढवणार नाही."

 तो रंध्यावरचा भुसा फुंकत म्हणाला, "मीच वाढवत गेलो ते स्टूल. एकदाही विचारलं नाही, का म्हणून."

"अहो, तुम्ही स्टूल केलंत, गाठ नाही केली," ती म्हणाली. "आणि विचारलं असतंत तर मी काय सांगितलं असतं? असतंच, म्हणून सांगितलं असतं. चला, ती खालची पट्टी सैल आहे बघा. लाकूड तुमचं."

अहवाल आला त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी त्यांना बसूही दिलं नाही. दारातच म्हणाल्या, "गोगलगाय. सगळीच्या सगळी गोगलगाय. तो मऊ कोपरासुद्धा. दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासलं आणि दोघांचं एकमत आहे."

 नणंद लगेच पुढे सरसावली.

"मग केमो कधी?"

"केमो नाही."

"अहो, पण आमच्या ओळखीतल्या एकीला दिली होती. थोडी तरी द्या ना. पक्कं काम व्हायला."

"वन्सं, ते काय खुर्चीला जास्तीचा खिळा मारायचंय?" उशीताई म्हणाली.

डॉक्टरीणबाई हसल्या. "बरोबर बोलल्या. हे औषध धावणाऱ्या पेशींना गाठून मारतं. इथे कुणी धावतच नाही, तर औषध मारणार कुणाला? केस जातील, अन्न जाणार नाही, आणि गाठ होती तिथेच बसून राहील. हिला एकच भाषा कळते. पूर्ण काढायची, भोवतीच्या निरोगी भागाची कड ठेवून. कड राखली तर ही सहसा परत येत नाही."

मग त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. गाठीनं हाडात फार खोल पाय रोवलेले नव्हते. त्यामुळे सबंध हाड काढायचं नाही, मागच्या बाजूची फळी गाठीसकट काढायची, आणि त्या खाचेत हाडांच्या पेढीतलं, कुणीतरी दान केलेलं, तसल्याच आकाराचं हाड बसवायचं. पुढचा अर्धा भाग आणि सांधा जागेवर राहील.

इथून पुढे पंधरा मिनिटं नवरा आणि डॉक्टरीणबाई हेच काय ते बोलत होते. जोड सपाट की खाच पाडून? स्क्रू किती लांबीचे? पट्टी एकाच अंगाला पुरेल का? आणि शेवटी, जरा लाजत, "सरस कुठला वापरता?"

"सरस नाही. ते आपोआप धरतं. हाडाला हाड चिकटतं, पण फार सावकाश. वर्षही लागतं. तोवर पायावर सगळा भार टाकायचा नाही."

"आपोआप धरतं?" नवरा बायकोकडे वळून म्हणाला. "बघ. आणि माझ्या सांध्यांना तू नावं ठेवतेस."

ऑपरेशन बराच वेळ चाललं. नणंदेनं बाहेरच्या बाकावर बसून, शेजारच्या अनोळखी बाईला हाडाच्या सालीवरच्या तिन्ही कॅन्सरांची माहिती दिली. गोगलगाय, मधला आणि दांडगट, अशी. त्या बाईचा भाऊ हाताला प्लास्टर घालायला आला होता, पण तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. नवरा तोवर बाकाचा हलणारा पाय हातानं दाबून धरून बसला होता.

शेवटी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "निघालं. एका तुकड्यात. सांधा जागेवर आहे." काढलेल्या भागाची कड तपासून यायला पुन्हा दिवस गेले, कारण पुन्हा हाड आणि पुन्हा आम्ल. अहवाल आला आणि कड चहूबाजूंनी स्वच्छ निघाली. पुढची काही वर्षं ठरल्या वेळी पायाची आणि छातीची तपासणी करत राहायची, एवढंच उरलं.

मग कुबड्यांचे महिने आले. उशीताई घरभर टकटक करत फिरे आणि नणंद आतून ओरडे, "दार उघडंच आहे!" व्यायाम करून घ्यायला एक तरुण बाई येई. ती भारी कडक. रोज गुडघा थोडा वाकवायचा, आणि मग आणखी थोडा. उशीताई ओठ दाबून धरी, खिळे असल्यासारखे.

पहिल्यांदा पायावर पुरा भार टाकायची परवानगी मिळाली, तेव्हा ती कामाच्या खोलीत येऊन आपल्या उंच स्टुलावर बसली. गुडघा लोंबता सोडून पाहिला. मग म्हणाली, "अहो, करवत घ्या."

"कशाला?"

"जोड कापा. तुम्ही लावलेले."

"अगं, अजून पुरता वाकत नाही ना?"

"जेवढा वाकतो तेवढं कापा. वाकला की परत कापा. आता स्टुलानं गुडघ्याच्या मागे जायचं नाही, गुडघ्यानं स्टुलाच्या मागे जायचं."

त्यानं स्टूल आडवं घातलं, चारी पायांवर रेघ मारली आणि कापलं. लाकडाच्या चार चकत्या जमिनीवर पडल्या. नणंदेनं त्या उचलून नेल्या आणि गरम भांड्याखाली ठेवायला घेतल्या. काही आठवड्यांनी आणखी चार पडल्या. त्यांतल्या दोन तिनं दाराच्या फटीत घातल्या, दोन शिंप्याला दिल्या. "आमच्या उशीच्या गुडघ्याच्या आहेत, जपून वापर," असं सांगून. पलंगाखालचे ठोकळे निघाले. ओट्याजवळची मचाण मोडून तिची फळी झाली. घर हळूहळू खाली उतरलं.

एकदा तपासणीला जाताना उशीताईनं पिशवीतून दाभण, दोरा आणि फोमची एक जाड वडी नेली, आणि डॉक्टरीणबाई एक्स-रे बघेपर्यंत त्यांच्या खुर्चीची खचलेली बैठक भरून टाकली. बाई बसल्या आणि इकडेतिकडे बघायला लागल्या. "अरे! मी सरळ बसलेय!" पडद्यावर नवं हाड जुन्याला घट्ट धरल्याचं दिसत होतं. मधली रेघ पुसट झाली होती.

व्यायामवालीनं शेवटच्या दिवशी कोन मोजला. "छान आहे. पण याच्या पुढे फारसा जाणार नाही. उकिडवं बसणं जमणार नाही तुम्हाला."

ती गेल्यावर नवऱ्यानं गोल उशी आणली, जुनी, पाटावर असायची ती, आणि स्टुलावर ठेवायला गेला.

"नको," उशीताई म्हणाली. "नुसतं लाकूड राहू दे. खुपलं तर कळू दे मला."

"लोकांना बारा उश्या देतेस आणि स्वतःला एक नाही?"

"लोक तासाभरानं उठून जातात. मला इथे दिवस काढायचाय."

त्यानं उशी परत नेली. ती स्टुलावर बसली. आता ते फार खाली नव्हतं आणि फार वरही नव्हतं. समोर खुर्ची उलटी पडली होती. तिनं मूठभर खिळे घेतले, ओठांत धरले आणि पहिला ठोकला.

दुपारी ती चहा टाकायला आत गेली तेव्हा नणंद बाहेर आली, स्टुलाकडे पाहिलं आणि इकडे तिकडे बघून हळूच त्यावर बसली. दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकले. तिनं ते एकदा उचलले, पुन्हा टेकवले.

"अगं उशे!" तिनं गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारली. "माझी उंची परत आली बघ!"

समोर शिंप्याच्या हातातली कात्री थांबली. आतून उशीताई म्हणाली, "मग जरा उठा आता, वन्सं. माझी जागा आहे ती."